गोष्ट अर्ध्यावर सोडू नका: मुलांची ख्रिस्ती पुस्तकं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मुलांच्या ख्रिस्ती पुस्तकांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, वाटलं दोन-चार पत्रं येतील, पण आली बरीच. आणि निम्म्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, की असं कुठलं पुस्तक घेऊ म्हणजे मुलं श्रद्धेत वाढतील. असं पुस्तक नाहीये, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कुणी रागवायला नको. चांगलं पुस्तक कुठलं आणि नुसतं गोड पुस्तक कुठलं हे मात्र ओळखता येतं, त्याबद्दल बोलूया. पत्रं लांबलचक होती, कापून छोटी केलीत, नावं छापलेली नाहीत.

ताई, मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ऑनलाइन बालबायबल शोधायला बसले तर ढिगाने दिसतात, सगळ्यांना पाच स्टार, सगळ्यांच्या कव्हरवर तारू आणि जिराफ. नेमकं काय बघून घ्यायचं?

जिराफ बघून घ्यायचं नाही एवढं तर तुम्हालाही कळलंय. रिव्ह्यू वाचून पण फार काही हाती लागत नाही, लोक चित्रं छान, कागद जाड, वेळेत मिळालं एवढंच लिहितात. मी काय करते सांगते. आधी घरातलं आपलं मोठं बायबल उघडायचं आणि त्यातलं योनाचं पुस्तक वाचायचं, देवाने निनवे शहरात जायला सांगितलं आणि जो उलट दिशेला पळाला त्या संदेष्ट्याची गोष्ट, चारच अध्याय आहेत, पंधरा मिनिटंही लागत नाहीत. मग बालबायबलमधला योना काढायचा आणि तो कुठे संपतो ते बघायचं. बऱ्याच पुस्तकांत माशाने योनाला किनाऱ्यावर ओकून टाकलं, तो निनवेला गेला, लोक सुधारले, संपलं, आणि खाली ठळक अक्षरात 'देवाचं ऐकावं'. पण खरी गोष्ट तिथे संपतच नाही! चौथ्या अध्यायात योना रुसून बसलाय, निनवे वाचलं म्हणून चक्क चिडलाय, देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी किडा तो वेल पोखरतो, योना परत चिडतो, यापेक्षा मेलेलं बरं म्हणतो, आणि मग देव त्याला विचारतो की तुला एका वेलाचं एवढं वाईट वाटतं, मग ज्यांना उजवा हात कुठला नि डावा कुठला तेही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं त्या शहरात आहेत, आणि गुरंढोरंही पुष्कळ, त्यांची मला कीव येऊ नये का? बस, तिथेच पुस्तक संपतं. योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. आता साडेतीन वर्षांच्या पोरीला रुसणं म्हणजे काय ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं, उजवा-डावा तर ती आत्ता शिकतेय, म्हणजे तिच्या सगळ्यात जवळचा भाग हाच आणि नेमका हाच कापलेला. ज्या पुस्तकाने रुसलेला योना ठेवलाय ते पुस्तक मी पुढे चाळते.

मग दावीद आणि गल्याथ काढायचं. इथे बघायचं की गोष्ट 'तू शूर असशील तर जिंकशील' अशी सांगितलीय की 'लढाई परमेश्वराची आहे' अशी, कारण दावीद स्वतः तसं म्हणतो, १ शमुवेल १७:४७ मध्ये. फरक बारीक वाटतो पण पुढे जड जातो, शूर होऊनही मूल हरणारच कधीतरी, आजारी पडेल, परीक्षेत गडबड होईल, तेव्हा त्याला वाटायला नको की माझाच विश्वास कमी पडला. दावीद शौल राजाचं चिलखत अंगावर चढवून बघतो आणि मला हे घालून चालताच येत नाही म्हणून काढून ठेवतो, हे पुस्तकात असेल तर फारच छान, त्याला लहान मुलं खळखळून हसतात. शेवटी गल्याथाचं मुंडकं कापतो ते या वयाला नसलं तरी चालेल, त्यात खोटेपणा नाही. गाळणं वेगळं आणि बदलणं वेगळं.

चित्रांत येशूचा चेहरा बघा. तो पहिल्या शतकातला गालीलमधला यहुदी सुतार, उन्हात हिंडणारा माणूस, आणि अजूनही कित्येक पुस्तकांत सोनेरी केस आणि निळे डोळे! मी तरी असं पुस्तक घेणार नाही. बाकी बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तीनच होते असं मत्तयाच्या शुभवर्तमानात कुठेही नाही, मरीया गाढवावर बसून बेथलेहेमला गेली असं लूकमध्ये नाही, एदेन बागेतल्या फळाला सफरचंद म्हटलेलं नाही आणि योनाला गिळणारा 'मोठा मासा' आहे, देवमासा असं नाव घेतलेलं नाही. एवढ्यावरून कुणी पुस्तक परत करू नये, पण तुम्हाला माहीत असू दे, मूल मोठं झालं की विचारतं.

आणि एवढं सगळं करून घेतलेलं पुस्तक तिला आवडलं नाही, ती त्यातलं एकच पान रोज रात्री उघडायला लावते, तर तेच पान वाचा. या वयात असंच असतं.

ताई, मी बाबा आहे, रात्री गोष्टी मीच वाचतो. सात वर्षांच्या मुलाने परवा विचारलं, नोहा वाचला, प्राणी वाचले, पण बाकीच्या घरातल्या बाळांचं काय झालं? मी विषय बदलला. आता ती गोष्टच टाळू का?

टाळू नका दादा. प्रश्न जबरदस्त आहे, आणि एक सांगू, चूक त्या पुस्तकांची आहे ज्यांनी पुराची गोष्ट प्राण्यांच्या सहलीसारखी रंगवून ठेवलीय. ती तशी गोष्ट नाहीच. मुलाने चित्राच्या कडेला काय दाखवलं नाही ते बरोबर ओळखलं.

आता त्याला काय सांगायचं. पहिलं म्हणजे तो प्रश्न तुम्हीच परत काढा, तू त्या दिवशी बाळांबद्दल विचारलं होतंस ना, असं म्हणून, म्हणजे त्याला कळेल की बाबा विसरला नाही आणि असं विचारणं वाईट नाही. मग खरं सांगा, की बाळांचं काय झालं ते गोष्टीत वेगळं सांगितलेलं नाही, पण पूर सगळ्यांवर आला, आणि हे वाचून मलाही वाईट वाटतं. नंतर उत्पत्ती ६:६ त्याच्यासोबत उघडा. तिथे लिहिलंय की जगातली दुष्टाई बघून देवाच्या मनाला दुःख झालं. तिथे रागावला असं म्हटलेलं नाही, दुःख झालं म्हटलंय, आणि बरीच बालबायबलं हे वाक्य गाळतात. मुलाला एवढं कळतं की ज्याने बनवलं त्यालाच वाईट वाटत होतं.

त्याचं एवढ्यावर भागणार नाही, सात वर्षांचा आहे, पुन्हा विचारेल. तेव्हा उत्पत्तीचाच अठरावा अध्याय काढा. देव सदोम या दुष्ट शहराचा नाश करणार असतो, तेव्हा अब्राहाम देवासमोर उभा राहून विचारतो की तिथे पन्नास चांगली माणसं असतील तर? पंचेचाळीस असतील तर? चाळीस, तीस, वीस, असं करत दहापर्यंत आणतो, आणि तोंडावर म्हणतो की सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का! आणि देव दर वेळी उत्तर देतो, त्याला हाकलून देत नाही. तुमचा मुलगा जे विचारतोय ते अब्राहामाने विचारलेलंच आहे, हे त्याला सांगा, खूश होईल. वरच्या उत्तरात योना आहे तोही याच्याच जोडीला वाचा.

प्रत्येक प्रश्न त्याच रात्री मिटवून झोपायलाच हवं असं नाही. 'मला पण नीट माहीत नाही, आपण मिळून वाचू' हे बाबाच्या तोंडून ऐकलेलं मूल पुढे पंधराव्या वर्षी पण बाबाकडे येतं, आणि ज्याला पटापट गुळगुळीत उत्तरं मिळाली ते दुसरीकडे जातं, हे मी संडे स्कूलमध्ये पुस्तकांचं कपाट सांभाळताना पुष्कळ वेळा बघितलंय.

हाय ताई, मी तेरा वर्षांची आहे. मम्मी मला जी डिव्होशनल, म्हणजे रोज थोडं वाचायची भक्तीची पुस्तकं, आणून देते ती सगळी सेम असतात, एक मुलगी असते, तिला प्रॉब्लेम येतो, ती प्रेअर करते, प्रॉब्लेम सुटतो. मला ड्रॅगन, जादू असलेल्या कादंबऱ्या आवडतात आणि मम्मी म्हणते ते ख्रिस्ती नाही. मी काय वाचू?

तू लिहिलंस ते बेस्ट केलंस, आणि तू म्हणतेस ते खरं आहे, ती पुस्तकं सेमच असतात. प्रॉब्लेम सुटत नाही तेव्हा त्या मुलीचं काय होतं ते कुणी लिहीतच नाही.

बायबलमध्ये मात्र लिहिलंय. स्तोत्र १३ काढ, सहाच वचनं आहेत, सुरुवातच अशी की परमेश्वरा कुठवर, तू मला कायमचा विसरणार का. आणि मग हिंमत असेल तर स्तोत्र ८८ वाच. दुःखाची स्तोत्रं बहुतेक शेवटी जरा वर येतात, हे येत नाही, शेवट अंधारातच होतो. तरी ते बायबलमध्ये ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. तुझ्या डिव्होशनलच्या कुठल्याही संपादकाने हे छापलं नसतं!

अजून एक, तुझ्याच वयाची असेल कदाचित, वय दिलेलं नाही, फक्त 'लहान मुलगी' म्हटलंय. २ राजे, अध्याय ५. शत्रूच्या टोळीने तिला तिच्या देशातून पळवून नेलंय, आता ती सेनापती नामानाच्या बायकोची दासी आहे. नामानाला कोड आहे. ती पोरगी मालकिणीला म्हणते, आमच्याकडे शोमरोनात जो संदेष्टा आहे त्याच्याकडे धनी गेले असते तर बरे झाले असते. एक वाक्य बोलते आणि गोष्टीतून गायब. नाव सुद्धा नाही. पुढचा सगळा अध्याय, राजांची पत्रं, चांदी-सोनं, यार्देन नदीत सात बुड्या, सगळं तिच्या एका वाक्याने सुरू झालेलं. तिला राग आला नव्हता का? ज्याच्या माणसांनी पळवलं त्याचंच भलं का करावंसं वाटलं? यावर कुणी कादंबरी लिहिली तर मी रांगेत पहिली उभी राहीन. तूच का नाही लिहीत.

आता ड्रॅगनचं. हे मम्मीला वाचायला दे. सी. एस. लुईस या लेखकाची नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली, लुईस पक्का ख्रिस्ती, त्यात जादू आहे, बोलणारे प्राणी आहेत, चेटकीण आहे, आणि मरून परत उठणारा सिंह आहे. लुईसने स्वतः सांगितलंय की त्याची सुरुवात एका चित्राने झाली, बर्फातल्या जंगलात छत्री आणि सामान घेऊन चाललेला अर्धा माणूस अर्धा बोकड, हे चित्र तो सोळा वर्षांचा असल्यापासून त्याच्या डोक्यात होतं. सिंह नंतर आला. म्हणजे आधी धडा ठरवला आणि मग त्याला गोष्ट चिकटवली असं नाही झालं, आणि म्हणूनच ती पुस्तकं अजून वाचली जातात असं माझं मत. सगळीच जादूची पुस्तकं चांगली असं मी म्हणत नाहीये हं. काही नुसतीच क्रूर असतात, काही रटाळ. पण 'जादू आहे' एवढ्यावरून फुली मारू नये. मम्मी, तुम्ही तिच्या आवडीचं एक पुस्तक पूर्ण वाचा आणि मग बोला, न वाचता केलेली बंदी मुलं लगेच ओळखतात.

मुलगा आठ वर्षांचा. कुणीतरी नरकावरचं चित्रांचं पुस्तक भेट दिलं. आता रात्री लाइट बंद करू देत नाही, रोज विचारतो की मी आज खोटं बोललो, मी जाणार का. पुस्तक ख्रिस्तीच आहे, फेकून कसं देऊ?

फेकू नका वाटलं तर, पण आजच त्याच्या खोलीतून काढा. ख्रिस्ती शिक्का असला म्हणजे मुलांच्या हातात देण्याजोगं असं होत नाही.

मुलांना घाबरवून देवाकडे न्यायचा प्रकार जुनाच आहे. इंग्लंडमध्ये १६७१ च्या सुमाराला जेम्स जेनवे नावाच्या एका धर्मोपदेशकाने मुलांसाठी पुस्तक काढलं, त्यात कोवळ्या वयात मेलेल्या भक्तिमान मुलांच्या मरणाच्या हकीकती, एकामागून एक. खूप खपलं ते, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दिलं गेलं. त्या काळी मुलं दगावायची फार, म्हणून लिहिलं असेल, हेतूही वाईट नसेल. तरी आज आठ वर्षांच्या मुलाच्या उशाशी मी ते ठेवणार नाही, आणि तुमच्याकडे आलेलं पुस्तकही ठेवणार नाही.

पापाबद्दल, न्यायाबद्दल मुलांशी बोलायचंच नाही असं नाही. पण आधी काय येतं ते बघा. मार्क १० मध्ये शिष्य मुलांना हाकलतात, येशू शिष्यांवर रागावतो, आणि मुलांना कवेत घेऊन, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. आधी परीक्षा घेतली, मग कवेत घेतलं असं नाहीये. हा भाग रोज रात्री वाचा काही दिवस, लाइट चालू ठेवूनच वाचा. आणि खोटं बोलला तर सॉरी म्हणायचं, ज्याच्याशी बोलला त्याला पण आणि देवाला पण, मग ते संपलं, हे त्याला तुमच्या वागण्यातून दिसू दे, म्हणजे जुनं खोटं तुम्ही परत उकरून काढू नका. तरी महिनाभराने झोप सुधारली नाही तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, त्यात विश्वास कमी वगैरे काही नाही.

नातू पाच वर्षांचा, मुलगा-सून दोघे नोकरीला. नातू टॅबवर बायबलच्या कार्टून गोष्टी बघतो. मला फार शिक्षण नाही, अडखळत वाचते. व्हिडिओच बरा नाही का?

आजी, व्हिडिओ वाईट नाही, पण व्हिडिओला मधेच थांबवून 'आजी, मग तो रडला का' असं विचारता येत नाही. तुम्ही अडखळलात तर अजून छान, तो पुढचा शब्द सांगेल, नाहीतरी दोन वर्षांत तोच तुम्हाला वाचून दाखवणार आहे. मोठ्या अक्षरांचं, पानावर दोन-तीन ओळी असलेलं पुस्तक घ्या. आणि न वाचता तोंडी सांगितलीत तरी चालतं की, या गोष्टी आधी तोंडीच सांगितल्या जायच्या. बायबलमध्ये प्रेषित पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की तुझा निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. आजीचं नाव पहिलं आहे बघा.

संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून घेतात, क्विझ असतं, बक्षिसं असतात. मुलगी घडाघडा म्हणते पण अर्थ विचारला तर काही नाही. पाठांतराचा काय उपयोग?

उपयोग आहे, पण अर्धाच. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ मध्ये छोटा कॅटेकिझम, म्हणजे विश्वासाच्या शिकवणीचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक, काढला, कारण त्याने खेडोपाडी मंडळ्या फिरून बघितल्या आणि लोकांना दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना पण धड येत नाही हे बघून तो हबकला. ते पुस्तक त्याने घरातल्या कर्त्या माणसाने घरच्यांना शिकवावं म्हणून लिहिलं होतं, आणि त्यात प्रत्येक आज्ञेनंतर, प्रार्थनेच्या प्रत्येक ओळीनंतर तोच प्रश्न येतो, याचा अर्थ काय? आपण पाठांतर ठेवलं आणि तो प्रश्न सोडला, असं झालंय थोडं.

तर वचन पाठ करू दे, बक्षीस मिळालं तर मिळू दे, घरी आल्यावर फक्त विचारा की हे कोण कुणाला म्हणालं आणि कधी म्हणालं. उत्तर येत नसेल तर तो अध्याय उघडून दोघींनी बघायचा. बास. रोज नाही केलं तरी चालेल. बक्षिसांची स्पर्धा मात्र मला स्वतःला आवडत नाही, ज्या मुलाला पाठ होत नाही त्याला वाटतं देवाकडे आपला नंबर शेवटचा.

ताई, प्रश्न मुलांच्या पुस्तकांचा नाही, माझ्या पुस्तकांचा आहे. ख्रिस्ती पॅरेंटिंगची बरीच पुस्तकं वाचली. प्रत्येकात वेगळा नियम. एकात शिस्त आधी, दुसऱ्यात प्रेम आधी, तिसऱ्यात पहाटे उठून मुलांसाठी एक तास प्रार्थना. मला जमत नाही, मोठा मुलगा आता चर्चला यायला नाही म्हणतो, आणि नीतिसूत्रे २२:६ आठवलं की वाटतं मीच कुठेतरी कमी पडले.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी ते वचन बघू, कारण ते वचन आयांच्या डोक्यावर आपटायला फार वापरलं जातं. मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण द्या म्हणजे म्हातारपणीही तो तो सोडणार नाही, असं आहे ना. नीतिसूत्रं म्हणजे जगात साधारण काय होतं याचं शहाणपण, तो देवाने सही करून दिलेला करार नाही. त्याच नीतिसूत्रांत २६ व्या अध्यायात लागोपाठ दोन वचनं आहेत, चौथं म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, पाचवं म्हणतं दे! आता याला कायदा म्हणून कसं वाचणार, कुठलं कधी लागू ते प्रसंग बघून ठरवायचं असतं.

आणि बायबलमधल्या आईबापांची यादी काढली तर पॅरेंटिंगच्या पुस्तकावाल्यांची पंचाईत होईल. शमुवेल, लहानपणापासून मंदिरात, देवाचा आवाज ऐकलेला, त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही, आणि त्याची मुलं लाच खायची, १ शमुवेल ८ मध्ये स्वच्छ लिहिलंय. त्याबद्दल शमुवेलाला कुणी बोल लावलेला नाही. शमुवेलाला ज्याने वाढवलं त्या एली याजकाला मात्र लावलाय, कारण पोरं काय करतात ते माहीत असून त्याने त्यांना आवरलं नाही. म्हणजे आईवडिलांची जबाबदारी नाही असं अजिबात नाही, पण मुलाने काय निवडलं याचं सगळं बिल आईच्या नावावर फाडायचं हेही बायबलमध्ये नाही. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला बाप तर चांगलाच होता, तरी धाकटा घर सोडून गेला, आणि थोरला घरात राहूनही रुसलेला.

पौलाने आईबापांसाठी थेट लिहिलेल्या सूचना तशा थोड्याच आहेत. इफिसकरांस ६:४, बापांनो मुलांना चिडीला आणू नका, प्रभूच्या शिस्तीत नि शिकवणीत वाढवा, आणि कलस्सैकरांस ३:२१, मुलांना चिरडू नका, ती खचतील. पहाटे एक तास वगैरे कुठेही नाही. अनुवाद ६ मध्ये पण घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना बोला म्हटलंय, म्हणजे जे चालूच आहे त्याच्यातच, वेगळा तास काढा असं नाही.

पुस्तकांबद्दल माझा सल्ला, वाचून बंद केल्यावर आपल्या मुलाबद्दल जास्त प्रेम, जास्त उत्सुकता वाटतेय की नुसता गिल्ट वाटतोय ते बघा. गिल्टच वाटत असेल तर पुस्तक कपाटात. सगळीच वर्षभर कपाटात गेली तरी काही बिघडत नाही. मोठ्या मुलाला विचारा की चर्चमध्ये तुला काय खटकतं, आणि तो बोलत असताना उत्तर देऊ नका. त्याचं काही खरंही असू शकतं. आणि त्याच्यासाठी म्हणून, त्याच्या टेबलावर चुपचाप ठेवायला म्हणून कुठलंही पुस्तक आणू नका, कृपा करून.

मी ख्रिस्ती नाही, बायको आहे. ती मुलीला बायबलच्या गोष्टी वाचते. ती कामासाठी बाहेरगावी असते तेव्हा मुलगी मला वाचायला सांगते. मी वाचू का? मला हे सगळं मानता येत नाही, नाटक करायचं नाही.

वाचा हो, अगदी वाचा. नाटक करायची गरज नाही. मुलीने विचारलं की बाबा हे खरं आहे का, तर आई असं मानते आणि मी अजून मानत नाही किंवा मला माहीत नाही, जे असेल ते सांगा, फक्त सांगताना आईची थट्टा नको. काय वाचायचं हे बायकोशी बोलून ठरवा, आणि मुलीने अवघड काही विचारलं तर आई आल्यावर तिला विचारू म्हणून कागदावर लिहून ठेवा. बाकी दयाळू शोमरोनी, लूकचा दहावा अध्याय, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची ही गोष्ट तुम्हालाच आवडेल असा माझा अंदाज आहे.

मुलगा दहाचा होईल. बालबायबल आता त्याला बाळबोध वाटतं. पूर्ण बायबल कधी द्यावं? आणि पहिल्या पानापासून वाचू द्यावं का?

आता द्या. दीडशे-दोनशे पानांची पुस्तकं आपली आपण वाचत असेल तर वेळ झालीये. अक्षर मोठं बघा, कागद अगदीच झिरझिरीत नको, मागचा मजकूर दिसतो आणि मुलं कंटाळतात. भाषा सोपी असलेलं भाषांतर घ्या, घरात जुनं, भारदस्त भाषेतलं असेल तर तेही असू दे, कधीतरी एकच वचन दोन्हीकडे वाचून बघता येतं. तुमच्या मंडळीत ६६ पुस्तकांचं बायबल वापरतात की कॅथलिक ७३ चं, ते घेण्याआधी बघा, नाहीतर संडे स्कूलमध्ये पानं जुळत नाहीत. कॅथलिक बायबल असेल तर तोबीत जरूर दाखवा, त्यात देवदूतासोबत प्रवासाला निघालेला मुलगा आहे आणि त्याच्यासोबत कुत्रा पण आहे!

बायबलसोबत मेरी जोन्सची गोष्ट सांगा. वेल्समधली गरीब विणकराची पोरगी, सहा वर्षं पैसे साठवले, आणि १८०० साली, पंधरा वर्षांची असताना, सुमारे ४० किलोमीटर चालत बाला गावी थॉमस चार्ल्स नावाच्या पाळकाकडे बायबल विकत घ्यायला गेली. वेल्श भाषेत बायबलं तेव्हा मिळतच नव्हती फारशी. पुढे १८०४ मध्ये लंडनला बायबल सोसायटी निघाली त्यामागे या टंचाईचा मोठा भाग होता. दहा वर्षांच्या मुलाला पैसे साठवणं कळतं, चालणं कळतं, त्यामुळे ही गोष्ट लागते बरोबर. फक्त 'बघ, तिने केवढे कष्ट घेतले आणि तुला आयतं मिळालं' हे शेपूट लावू नका.

पहिल्या पानापासून मात्र नको. उत्पत्ती मजेत जाईल, निर्गमचा पहिला अर्धा भाग पण जाईल, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि तिथे भले भले गार होतात. मार्कपासून सुरू करू दे, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, सोळाच अध्याय, आणि घटना पटापट घडतात. पेन्सिलने खुणा करू दे, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह काढू दे, नवीन बायबल खराब केलं म्हणून ओरडू नका. मार्क झालं की त्याचं त्याला ठरवू दे पुढे काय, बहुतेक पोरं शास्ते किंवा प्रकटीकरण काढतात कारण तिथे मारामाऱ्या आणि राक्षसी पशू आहेत असं त्यांना मित्रांकडून कळलेलं असतं, काढू दे, फक्त ते तुम्हीही त्याच्यासोबत वाचा. लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकला तर सरळ पुढे जाऊ दे, लेवीय कुठे पळून जात नाही.